घेवड्याला कुणाचे कायदे?

काकू गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत माझा दहावीचा तास चालू होता. तास पुरा केला आणि मगच बाहेर येऊन रडले... काकूला अर्धवट टाकलेलं काम आवडायचं नाही.

अनसूयाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. अठ्ठेचाळीस साली हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती पाळण्यात होती. ऐन तारुण्यात विधवा झाली. गंगापूरकडच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात कैऱ्या ती फोडायची, मसाला ती कुटायची. पण लोणचं कालवायची वेळ आली की आत्या तिला उठवायची. विधवेचा हात लागला तर लोणचं नासतं, असं मानत. काकू हात धुऊन गोठ्यात निघून जायची.

मला औरंगाबादला कॉलेजात घालायचं म्हटल्यावर, पोरगी एकटी कशी राहील म्हणून घरचे अडले. काकू म्हणाली, "मी जाते संगं." छावणी भागात एक खोली घेतली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, ती तिच्यामुळं. खोली घेतली त्याच पावसाळ्यात तिनं कोवळा घेवडा आणला आणि लोणचं घालायला बसली.

"काकू, चालंल का?" मी घाबरत विचारलं.

"कैरीला त्यांचे कायदे हायेत. घेवड्याला कुणी केलेत?"

आठवड्यात लोणच्यावर बुरशी आली. नेमकी तेव्हाच आत्या दवाखान्यासाठी आमच्याकडं उतरली होती. बरणीत डोकावून ती म्हणाली, "सांगत नव्हते मी?" मला वाटलं, संपलं... आता काकू जन्मात बरणीला हात लावणार नाही. काकूनं एक शेंग चिमटीत दाबली. पाणी निघालं.

"वन्सं, शेंगा वल्या राहिल्या. त्यात माझ्या कपाळाचा काय संबंध? तुमचीबी बरणी उकिरड्यावर गेली व्हती की. तवा दाजी चांगले धडधाकट व्हते."

"लई जीभ चालाय लागली शहरात येऊन."

"व्हय. इथलं पाणी मानवलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा घेवडा आणला. दोर काढले, बोटभर तुकडे केले, उकळत्या पाण्यातून काढून शेगडीच्या उबेला फडक्यावर पसरले. मधूनमधून एखादा तुकडा गालाला लावून बघायची. पार सुकल्यावरच मीठ-हळद, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, सढळ लाल तिखट, लिंबाचा रस आणि गार केलेलं तेल. कालवलं मात्र चमच्यानं नाही. आत्याच्या पुढ्यात बसून, उघड्या हातानं. ते टिकलं. आत्यानं ते कधी चाखलं नाही, काकूनं कधी आग्रह केला नाही. पण दरवर्षी घातलं, आणि कॉलेजची तिन्ही वर्षं माझ्या डब्यात भाकरीसोबत तेच होतं.

तेराव्याच्या जेवणाला धाकट्या वहिनीनं दुकानातल्या लोणच्याचं पाकीट आणलं. काकूनं शेवटचं घातलेलं लोणचं फळीवर होतं. वहिनी हळूच म्हणाली, "ताई, गेलेल्या माणसाच्या हातचं, त्यात तसल्या... पंगतीत नको. लोक नावं ठेवतील."

मी बरणी उचलली आणि पंगतीत शिरले. "काकूचं लोणचं," असं प्रत्येकाला सांगत वाढत गेले. काहींनी मागून घेतलं. काहींनी पानाच्या कडेला सारलं. त्यांच्या पानात मी पुन्हा वाढलं.