विंगेतले एकनाथ

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या एकनाथ चौबळांना राग आला की ते ओरडत नाहीत, भांडी आपटत नाहीत, जेवणही सोडत नाहीत. त्यांचं डोकं थंड पडतं आणि कामाला लागतं. औषधांच्या कंपनीत ते यंत्रं तपासतात. यंत्र कुठे दगा देईल ते आधीच हुडकून काढायचं, हा त्यांचा धंदा. माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघतात, चिडलेले असले तर जरा जास्तच बारकाईनं.

यंदा ते शार्दूलवर चिडले होते. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी एकनाथांनी नाटक लिहिलं होतं, विमानतळावर आईला शेवटचा निरोप देणाऱ्या मुलाचं. ती आई त्यांचीच, हे बायको नीलाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलाचं काम अर्थातच ते स्वतः करणार होते. पण पहिल्याच तालमीला तिशीतला शार्दूल सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, स्क्रिप्ट सुपर्ब आहे यार, पण रोल यंग आहे ना. मी करतो. तुम्ही प्रॉम्प्टिंग करा, तुम्हाला सगळं पाठच आहे."

लोक हसले. एकनाथही हसले आणि "चालेल की" म्हणाले. कमिटीनं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. कसलं मोठं मन, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग तालमींना ते संहिता मांडीवर घेऊन बसत आणि शार्दूल कुठे अडखळतो ते बघत. आधीच्या प्रवेशांत त्याच्या बायकोचं काम करणारी सिया त्याला सांभाळून घ्यायची. शेवटच्या स्वगताला मात्र तो स्टेजवर एकटा. आणि त्यातल्या एका वाक्याला तो हटकून अडायचा: "आई सिक्युरिटीच्या पलीकडे गेली, आणि मी अजून हात हलवतोय." एकनाथांनी ठरवून टाकलं. प्रयोगाला इथेच आपण गप्प बसायचं. राग नसता तर ही जागा त्यांना दिसली नसती, आणि डोकं ठिकाणावर नसतं तर पहिल्याच दिवशी भांडून मोकळे झाले असते.

प्रयोगाला शाळेचं सभागृह भरलं होतं. स्वगत आलं. "आई..." म्हणून शार्दूल थांबला आणि त्यानं विंगेकडे पाहिलं. एकनाथांनी ओठ घट्ट मिटले. त्याच्या कपाळावरचा घाम बघून त्यांना फार बरं वाटलं. अजून थोडा वेळ जाऊ दे, असंही वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं आईला विचारलं, "इज इट ओव्हर?"

एकनाथांचा राग तिथे गर्रकन फिरला. ओव्हर कसं? आईचं वाक्य हा गिळणार, आणि आपण त्याला गिळू देणार? पाठोपाठ दुसरा विचार आलाच: वाक्य सांगू, पण कुजबुजायचं कशाला?

त्यांनी ते खणखणीत आवाजात म्हटलं. मग थांबलेच नाहीत. आवाज कापरा झाला तरी अख्खं स्वगत विंगेतूनच म्हणत गेले. शार्दूल नुसता हात हलवत उभा. लोक डोळे पुसत होते आणि टाळ्या पडल्या त्या विंगेकडे बघून. सूड इतका चोख उतरेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

पडदा पडताच शार्दूल धावत आला आणि वाकून पाया पडला. "काका, यू सेव्ड मी. मी टोटली ब्लँक झालो होतो." त्याचे डोळे खरोखरच भरले होते. मंडळाच्या अध्यक्षा प्रीतानं माइकवर जाहीर केलं, "नेक्स्ट इयरलाही आपले प्रॉम्प्टर एकनाथकाकाच!" पुन्हा टाळ्या.

परतताना गाडीत नीला म्हणाली, "इतक्या मोठ्यानं प्रॉम्प्टिंग करतात होय?"

"आईचं वाक्य होतं."

"ते कळलं. मग आधी गप्प का बसला होतात?"

एकनाथांनी सिग्नलला गाडी थांबवली. शार्दूलवर, कमिटीवर आणि त्या नमस्कारावर तर सगळ्यात जास्त, ते पुन्हा भडकले होते. सिग्नल हिरवा होईपर्यंत डोकं थंड पडलं आणि कामाला लागलं. पुढच्या वर्षीचं नाटक एकपात्री. पात्राचं वय साठ. विंगेत शार्दूल.