हात वर केल्याशिवाय

खरं सांगू का, गाडी पळत असताना किस्सा घडत नाही. गाडी थांबली, आडवी झाली, रुसून बसली की घडतो. आम्ही चौघं बुलेटवाले, आणि चौघांचं वय मिळून अडीचशेच्या पुढं. त्यात एकाचा पाय कमी, एकाचा हात अर्धा. म्हणजे पळणं कमी आणि आडवं होणंच जास्त. किस्से साठणारच. हल्ली ऐकायला माणसं कमी पडतात, एवढंच. तुम्ही बसलाय तर सांगतो.

अर्धा हात माझा. मी मळवलीचा. तळेगावच्या कारखान्यात जन्म घालवला, रिटायर झालो, बायको गेली आणि त्याच वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. बाकी सगळं परत आलं, डाव्या हाताची पकड मात्र अर्धीच आली. आणि क्लच नेमका डाव्या हाताला! डॉक्टर म्हणाले, बिनगिअरची स्कूटर घ्या. मी म्हटलं, बघतो. अजून बघतोय.

मुलगी बेंगळुरूला असते. तिचं म्हणणं, बुलेट विका, घर बंद करा आणि माझ्याकडं या. तीन महिने भांडलो. शेवटी तह झाला. ज्या दिवशी पडलेली गाडी मला एकट्याला उचलता येणार नाही, त्या दिवशी किल्ली तिच्या हातात द्यायची आणि मी तिच्या घरी जायचं. शब्द दिला मी. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि जेवणाखाणाचं विचारायच्या आधी ती विचारते, "पप्पा, गाडी पडली का?"

*

कमी पाय युसूफभाईंचा. कामशेतला त्यांचं गॅरेज होतं. डावा पाय गुडघ्याखाली नकली. त्यांची गाडी जुन्या जमान्यातली, गिअर उजवीकडं असलेली. ते म्हणायचे, कंपनीनं माझा पाय जायच्या आधीच माझा विचार करून ठेवला होता. माझ्या क्लचचा लिव्हर लांब करून तो अर्ध्या हाताला जमेल असा त्यांनीच बसवून दिला.

एकदा सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही तासभर अडकलो. युसूफभाईंनी नकली पाय रस्त्यावर टेकवला होता आणि पट्टा घामानं सैल झाला होता. पुढची गाडी हलली तसे युसूफभाई गेले पुढं, पाय राहिला मागं! बुटासकट, उभाच्या उभा. शेजारच्या कारमधल्या बाईंनी जी किंकाळी फोडली, ती चिक्कीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ऐकली असेल. मी उतरून पाय उचलला, काखेत धरला आणि त्यांच्या मागं निघालो.

युसूफभाईंनी मागं वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "जरा जपून आणा. बूट नवा आहे."

*

तिसऱ्या नलूताई. इंदुरीच्या, रिटायर्ड नर्स. उंची इतकी बेताची की गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय हवेत. थांबायचं म्हटलं की त्यांना पाय टेकायला उंचवटा लागायचा. म्हणून त्यांनी अख्ख्या मावळातले दगड पाठ केले होते. कार्ला फाट्याला मोरीचा कठडा, पवनानगरला दुकानाची पायरी, तिकोणा पेठेच्या वळणावर शेंदूर नसलेला पांढरा दगड. त्या दगडांपाशीच थांबायच्या, मग तहान लागो नाहीतर फोन वाजो.

एकदा पोलिसानं शिट्टी मारली. ताई हात दाखवत तशाच पुढं गेल्या आणि चांगल्या अर्ध्या किलोमीटरवर थांबल्या. पोलीस घामाघूम होऊन पोचला. पळून का गेलात म्हणून ओरडला. ताई म्हणाल्या, "पळाले कुठं? माझा दगड इथं आहे."

माझीही डावी बाजू कच्ची, म्हणून मीही त्यांच्याच दगडांवर पाय टेकायला लागलो. सवयच लागली.

*

आणि चौथे आबा. तिकोणा पेठेचे, भातशेतीवाले, वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर मूठभर मांस नाही. पण आमचे पुढारी तेच. दर रविवारी सकाळी सातला कामशेतच्या टपरीवर चहा, हे त्यांनीच ठरवलं. आणि कायदाही त्यांचाच. पडलेली गाडी ज्याची त्यानं उचलायची. त्यानं हात वर केल्याशिवाय बाकीच्यांनी गाडीला बोट लावायचं नाही.

एकदा टपरीसमोरच माझी गाडी आडवी झाली. ट्रेकिंगला आलेली चार धट्टीकट्टी पोरं धावत आली. आबा बाकावरून उठून मधे उभे राहिले. "त्यांनी हात वर केलाय का? न्हाई ना? मंग मागं सरा." पोरं बिचकून मागं झाली. मी पंधरा मिनिटं झटलो. गाडीकडं पाठ, बूड सीटला, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पायांनी रेटा. ही पद्धतही आबांनीच शिकवलेली. उचलली शेवटी. आबांनी आपल्या प्लेटमधली निम्मी भजी माझ्याकडं सरकवली. बायको गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आबांची गाडी पडलेली मात्र कुणी कधी पाहिली नाही.

*

नलूताईंचं खुब्याचं हाड मोडलं, मुलानं त्यांना नाशिकला नेलं. युसूफभाईंना दिसायचं कमी झालं, गॅरेज बंद करून ते भावाकडं मिरजेला गेले. आबा हिवाळ्यात झोपेतच गेले.

मी तरी सातला टपरीवर जातोच. टपरीवाला पूर्वी विचारायचा, "किती?" आता विचारतो, "एकच ना?" याच्यात हसण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे. पण किस्स्यांच्या मधे हेही येतंच. कोणाला सांगणार? घरी भिंतींना सांगून झालंय.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. चहा झाला आणि घरी जावंसं वाटेना, म्हणून एकटाच पवनानगरवरून पेठेकडं निघालो. वळणावर सवयीनं गाडी थांबवली आणि नलूताईंच्या पांढऱ्या दगडावर डावा पाय टेकवायला गेलो. दगडच नव्हता! रस्ता रुंद केला होता, त्यात गेला. पाय खाली गेला तो गेलाच, आणि गाडी आडवी.

मी उठलो, इंजिन बंद केलं. पाठ, बूड, रेटा. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी वीतभर उठायची आणि डावा हात सुटायचा. डोळ्यांसमोर बेंगळुरूचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट दिसायला लागला. रडू आलं, लपवत नाही.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. समोरून एक कार आली. आतल्या पोरांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा केला, ड्रायव्हरनं खुशीत हॉर्न वाजवला आणि गेले! दुसऱ्या कारमधल्या बाईंनी माझा फोटो काढला. मी हात खाली घेतला आणि गवतात बसलो.

बऱ्याच वेळानं आबांची बायको, आमच्या मावशी, गवताचा भारा घेऊन शेतातून आल्या. मावशींनी भारा उतरवला आणि दहा पावलांवर हाताची घडी घालून नुसत्या उभ्या राहिल्या. मला कळेना.

मग त्याच म्हणाल्या, "हात वर करा की. त्याबिगर कसं येऊ?"

मी केला. त्या आल्या, माझ्या शेजारी सीटला पाठ लावली, "हूं" म्हणाल्या आणि एका दमात गाडी उभी राहिली.

मी म्हटलं, मावशी, संपलं. मुलीला दिलेला शब्द त्यांना सांगितला. एकट्याला उचलता आली नाही, आता किल्ली देणार. आबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "यांनी कवा उचलली एकट्यानं?"

मी म्हटलं, म्हणजे?

"अंगणाला उतार हाय. दर आयतवारी गाडी वळवताना पाडायचे. हाक न्हाई मारायचे. चुलीकडं त्वांड करून नुसता हात वर करायचे. मी पिठाच्या हातानं यायचे, दोघं मिळून उचलायचो, मंग ऐटीत तुमच्याकडं यायचे." पदर खोचून म्हणाल्या, "आता आयतवारी भाकरी थापताना माझं ध्यान अंगणातच ऱ्हातं, भाऊ. कुणी हात वर करत न्हाई."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. पडली का? पडली. उचलली का? उचलली. किती जणांनी, ते तिनं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी कामशेतला गेलोच नाही. सरळ पेठ गाठली. आबांच्या अंगणात गाडी जपून वळवली, नीट स्टँडला लावली, इंजिन बंद केलं. मग चुलीकडं तोंड केलं आणि हात वर केला.

मावशी बाहेर आल्या. हात पिठानं भरलेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. गाडी ताठ उभी होती. त्या अंगणात उतरल्या, त्या पिठाच्या हातांनी मागचं कॅरिअर धरलं आणि म्हणाल्या, "हूं."