छत्तीस इंचाचा शेवगा

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मग तोंड उघडतो. खरं तर हा किस्सा सांगायचा मान आपला आहे असं आमच्या हिला वाटतं, पण आज ती चिक्कडपल्लीला भाजी आणायला गेलीय. तेवढ्यात उरकतो.

नल्लकुंट्याच्या आमच्या घराच्या अंगणात एक शेवगा होता. वैशाखातल्या वादळात तो जो कलला, तो थेट शेजारच्या रेड्डीगारूंच्या, म्हणजे आपल्या भाषेत रेड्डीसाहेबांच्या, बाजूला. आणि भिंतीपलीकडे काय उभं? त्यांची नवी कोरी गाडी! सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. दुसरीकडे लावावी तर गल्लीत सायकलला जागा नाही.

रेड्डीगारू रोज सकाळी भिंतीपाशी यायचे. आधी झाडाकडे बघायचे, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. बोलायचे काही नाहीत. अहो, त्यापेक्षा माणसानं चार शिव्या द्याव्यात!

शेवटी मीच म्हणालो, "रेड्डीगारू, फिकर नक्को. इतवार को मशीन लाके कटाता."

"मशीन कायकू सर? मुनगे का झाड है." शेवग्याला इकडे मुनगा म्हणतात.

"नै नै. काम सायंटिफिक होना!"

कुठून सुचला मला तो शब्द, देव जाणे.

मी गणिताचा मास्तर. अठ्ठावीस वर्षं पोरांच्या डोक्यात वर्तुळं कोंबतोय. माप घेण्यात मला कोण चुकवणार? हिची ब्लाऊज शिवायची टेप उचलली, अंगणात गेलो, खोडाला मिठी मारून टेप फिरवली. बरोब्बर छत्तीस इंच. दोनदा मोजलं. वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग कुकटपल्लीच्या सलीमभाईंना फोन लावला. ते झाडं कापायच्या मशीन भाड्यानं देतात, चालवणाऱ्या माणसासकट.

"झाड कित्ता मोटा है साब? उस हिसाब से बार देना पडता."

बार म्हणजे मशीनला पुढे असते ती लांब पट्टी, जिच्या कडेनं दातेरी साखळी फिरते. हे मला तेव्हाच कळलं. पण असं दाखवलं की जन्मापासून माहीत होतं.

"छत्तीस इंच," मी म्हणालो.

पलीकडून आवाज चढला, "छत्तीस? बरगद है क्या?"

"मुनगा है."

"मुनगा? छत्तीस इंच मोटा? साब, एक बार फिर से नापो ना."

आता सांगा, राग येणार की नाही? म्हणालो, "सलीमभाई, मैं गणित का टीचर हूं. दो बार नापा."

"हौ साब, हौ. लेकिन बार झाड से दो इंच ज्यादा होना. तो अडतीस हुआ. मेरे पास छत्तीस से उप्पर नै है."

"चलता. छत्तीस भेजो. दोनों तरफ से काटेंगे."

बघा, किती समजूतदारपणा दाखवला मी!

रविवारी सकाळी दहा वाजता रिक्षा आली. आधी रिक्षातून पट्टी बाहेर आली. ती येतच राहिली, येतच राहिली, आणि शेवटी तिच्यामागून यादगिरी नावाचा माणूस उतरला. मशीन कसली, ताडाची झाडं आडवी करायचं हत्यार! गल्लीतले लोक गॅलरीत आले. समोरच्या घरातल्यांनी तर खुर्च्या आणल्या.

यादगिरी मशीन खांद्यावर टाकून अंगणात आला आणि शेवग्याला टेकून उभा राहिला. घाम पुसला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मला विचारलं,

"सार, चेट्टु एक्कड?"

म्हणजे, झाड कुठंय?

मी त्याच्या पाठीमागे बोट दाखवलं. त्यानं वळून खोडाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. "इदेना?" हेच का? आणि मटकन खाली बसला. हसतोय की रडतोय, कळेना.

"इससे नै होता सार. झाड के पीछे डेढ फूट पे दीवार है. पट्टी की नोक दीवार को लगी तो मशीन उछल के मेरे मुंह पे आती. छोटा बार होना. चौदा इंच का."

"अरे, पण झाड छत्तीस इंचाचं आहे!" मी मराठीतच ओरडलो. टेप आणली, सगळ्या गल्लीदेखत पुन्हा खोडाला गुंडाळली. "देखो! छत्तीस!"

आमची ही ओट्यावर कणीक मळत बसली होती. तिथूनच म्हणाली, "अहो, तुमच्या कमरेचा घेर बेचाळीस आहे. म्हणून काय तुम्ही साडेतीन फूट रुंद आहात?"

मी टेपकडे पाहिलं.

माझ्या डोळ्यांसमोर फळा आला. फळ्यावर वर्तुळ. वर्तुळाला परीघ, वर्तुळाला व्यास. छत्तीस भागिले तीन पूर्णांक चौदा शतांश… साडेअकरा इंच! अठ्ठावीस वर्षांत ज्या चुकीसाठी मी शेकडो पोरांना बाकावर उभं केलं, तीच. तंतोतंत तीच!

कुणीतरी हिचं वाक्य तेलुगूत सांगितलं, मग गल्लीचं हसू जे सुटलं म्हणता! यादगिरीनं माझ्या कमरेची ती गोष्ट सलीमभाईंना फोनवरून ऐकवली. फोनमधलं खिदळणं मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

आणि झाडाचं काय झालं? रेड्डीगारू घरातून हातकरवत आणि दोरी घेऊन आले. यादगिरीनं दोरी बांधून झाड आमच्या बाजूला ओढून धरलं, त्यांनी करवत चालवली. शेवग्याचं लाकूड ते, लोण्यासारखं! अर्ध्या तासात खेळ खलास. गाडीवर पानसुद्धा पडलं नाही. मी काय केलं? मी शेंगा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात रेड्डीगारू, सोबत त्यांची दहावीतली मुलगी, दप्तरासकट. मला भरून आलं. एवढं होऊनही माणसाचा विश्वास बघा!

"सर, बच्ची को ट्यूशन होना," ते म्हणाले.

"बेशक! कल से ही भेजो. पहले भूमिती लेता."

रेड्डीगारू जरा घुटमळले. घसा खाकरला. मग अगदी अदबीनं म्हणाले,

"नै सर, मॅथ्स को दूसरी जगह लगा दिए. आप हिंदी पढाते क्या?"

चार महिने झाले. पोरगी रोज येते. हिंदीला.