बिल्ल्याशिवाय वस्तू मिळणार नाही

चेनवालीच्या दुकानात कायदा एकच: बिल्ला दाखवा, वस्तू न्या. बॅग असो की जॅकेट, तुटलेली चेन बदलायला टाकली की गिऱ्हाइकाच्या हातात नंबराचा पितळी बिल्ला. तो बिल्ला परत आणेल त्यालाच वस्तू, मग तो कुणी का असेना. परवा एक सुटाबुटातला गृहस्थ बायकोची सुटकेस न्यायला आला, हात हलवत.

"अहो, मी नवरा आहे तिचा!"

"असाल की. बिल्ला कुठाय?"

गृहस्थ तणतणत गेला, सुटकेस फळीवर राहिली. "आपल्याकडे ठेवलेली वस्तू आपली नसते. मग ती वाटून टाकणारे आपण कोण?" हे चेनवाली येईल त्याला ऐकवायची. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

तिचा स्वतःचा नवरा टुरिस्ट बस चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं, तेव्हा तिनं त्याला भर रस्त्यात सुनावलं होतं, "चालता हो! मला तुझा छदामही नको!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेजारणींनी पाठ थोपटली. तेव्हापासून बाई त्या एका वाक्यावरच जगत होती म्हणा ना. आठ वर्षांच्या लेकीचे, ठमीचे, बूट फाटले तरी तेच वाक्य. ठमीची दाढ किडली तेव्हाही तेच. डॉक्टरकडे जाणं मात्र पुढं पुढं ढकललं जात होतं.

आता नवऱ्याला नवं लग्न लावायची घाई झाली. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेऊ, असा निरोप आला. चेनवालीचा दादा कागद घेऊन हजर. "सही कर आणि मोकळी हो. एकदाची ब्याद टळेल."

ती आनंदानं कागद घेऊन वकीलबाईंकडे गेली. बाईंनी वाचला, चष्मा काढला. "यात मुलीचा खर्च बापाकडे कधीच मागणार नाही, असं लिहिलंय."

"बरोबर आहे. माझंच म्हणणं ते."

"तुमची पोटगी तुम्ही सोडा, ती तुमची. पण मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क. तो तुम्ही कसा सोडणार? असं लिहून दिलंत तरी न्यायाधीश विचारतीलच, पोरीचं काय म्हणून."

"म्हणजे मी त्याच्या दारात हात पसरू?" चेनवाली भडकली. कागद उचलला आणि निघून आली. मोठी आली शिकवणारी!

दुकानात ठमी शाळेतून येऊन बसली होती. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासायचं काम तिचं आवडतं. एका हातानं घासत होती, दुसरा हात गालावर.

"आई, बाबा माझ्यासाठी काहीच देत नाही का गं?"

"मीच नको म्हटलं. आपल्याला गरज नाही त्याची."

ठमीनं मान वर केली. "मला विचारलंस?"

गिऱ्हाइकाशी दिवसभर हुज्जत घालणाऱ्या बाईनं मान फिरवली. समोर फळीवर ती सुटकेस होती. त्या सुटाबुटातल्या नवऱ्याला हाकललं होतं तिनं, बायकोची वस्तू म्हणून. आणि घरात? लेकीची वस्तू मात्र तिला न विचारताच देऊन टाकायला निघाली होती. लाज वाटली तिला. स्वतःचा भयंकर रागही आला.

ठरलेल्या दिवशी कोर्टात समुपदेशक बाईंच्या खोलीत नवरा, दादा आणि चेनवालीनं मुद्दाम बोलावलेल्या वकीलबाई, सगळे जमले. चेनवालीनं कागद पुढं सरकवला. "ते वाक्य काढा. मग सही."

नवरा हसला. "का गं? नाक वर करून म्हणाली होतीस ना, छदाम नको म्हणून?"

"म्हणाले होते. माझ्यासाठी आजही नकोच. हे ठमीचं आहे, ते तिच्यापर्यंत पोचायलाच हवं."

दादा कानाशी कुजबुजला, "अगं, थुंकलेलं चाटणार का आता? लोक काय म्हणतील?"

"चाटते!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की दाराबाहेरचा शिपाई डोकावला. "माझं थुंकलेलं मीच चाटते, दादा. पोरीला नाही चाटायला लावणार. लोकांना येऊन बघू दे हवं तर."

नवऱ्याचं हसू मावळलं. "मग घटस्फोट विसर. माझी सही मिळणार नाही. बस लटकत."

"बसते की! मला कुठं मांडवात उभं राहायचंय? घाई तुला आहे."

तो खुर्ची ढकलून निघून गेला. दादाही गेला, पुन्हा तोंड दाखवणार नाही म्हणून. दोन वर्षं जी सुटका मागितली ती हाताशी येऊन निसटली. वकीलबाई म्हणाल्या, "मुलीच्या खर्चासाठी घटस्फोटापर्यंत थांबायला नको. वेगळा अर्ज करता येतो."

"मग करा. आजच करा."

ती दुकानात परतली तेव्हा ठमी शेजारणीकडून धावत आली. "मिळालं माझं?"

"अजून नाही."

ठमीचा चेहरा उतरला. चेनवालीनं तिला जवळ ओढलं. "पण ऐक. देऊनही नाही टाकलं कुणाला. चल, चप्पल घाल. आधी तुझी दाढ दाखवून येऊ."