तांब्याचा पिवळा उजेड

पांढुर्ण्याच्या स्टँडवर मी, कुंदा दवाखान्यात होती तरी, नेहमीसारखी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून तिची जागा धरली, तर कंडक्टर जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, जागा नका धरू. कुंदामॅडम गेल्या… पहाटे, नागपूरले, दवाखान्यात." मी पिशवी उचलली नाही. सौंसरपर्यंत ती जागा तशीच रिकामी गेली आणि उभ्याने येणाऱ्या कुणीही ती मागितली नाही.

आम्ही दोघी सौंसरच्या कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ती रसायनशास्त्र. शोकसभेत जो तो उठून ती किती शांत, किती सोशीक होती हे सांगत होता. मला संताप आला. कुंदा सोशीक नव्हती, हट्टी होती, आणि तो हट्ट झाकून तिची आठवण काढलेली मला चालणार नाही.

तिचे बाबा तिगावकडे दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत मोरचूद फवारायला जायचे. बोटं कायम निळसर. त्याच मोरचुदातल्या तांब्यापासून तिने प्रबंधासाठी एक भुकटी तयार केली. तांबं आणि आयोडीन यांचे बारीक गठ्ठे एकमेकांना जोडून केलेली लांबच लांब साखळी, असं ती मला समजावून सांगायची. साध्या उजेडात ती मैद्यासारखी पांढरी दिसायची, पण अतिनील दिव्याखाली धरली की झळझळीत पिवळी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. नागपूरचे तिचे मार्गदर्शक मात्र जागचे हलले नाहीत. तांबं प्रकाश गिळतं, देत नाही. चमकतेय ती भेसळ. ते प्रकरण गाळा आणि पदवी घ्या, असं त्यांनी सुनावलं. कुंदाने नवी भांडी आणून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा पिवळंच.

अशी भुकटी अतिशय थंड केली की उजेडाचा रंग बदलतो, भेसळीचा तसा बदलत नाही, हे तिने वाचलं होतं. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन हवा, आणि सौंसरात तो मिळायचा गुरांच्या दवाखान्यात, वळूचं वीर्य गोठवून ठेवायला. हे मार्गदर्शक सर आमच्या कॉलेजात परीक्षा घ्यायला आले तेव्हा ती त्यांना थेट तिथेच घेऊन गेली. मीही मागोमाग. तिथला कर्मचारी चक्रावला. "बाई, याच्यात सांडाचं बीज राहते. तुमी काय बुडवून राहिल्या?" असं म्हणत त्याने थर्मासमध्ये थोडा नायट्रोजन ओतून दिला. सर नाकाला रुमाल लावून उभे. खिडक्या लावल्या, सोबत आणलेला अतिनील दिवा लावला, कुंदाने भुकटीची काचेची नळी बुडवली… पिवळा उजेड निळा-जांभळा झाला. बाहेर काढली, तर सावकाश परत पिवळा.

सर म्हणाले, "तरीही ते प्रकरण गाळलेलं बरं."

"तांबं उजेड देऊन राहिलं, सर, तुमच्या डोळ्यांदेखत," कुंदा म्हणाली. "मी नाही गाळत."

पदवी अडली ती अडलीच. पुढे दुखणं आलं, पण दवाखान्यातसुद्धा प्रबंधाचा विषय काढला की ती म्हणायची, एक ओळ कमी होणार नाही. शोकसभेत सरांनी तिच्या "अपूर्ण राहिलेल्या संशोधना"बद्दल हळहळ व्यक्त केली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "अपूर्ण नव्हतं. तुम्ही अडवलं होतं." सभा तिथेच संपली. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आता तिचं कपाट रिकामं करा, असा निरोप आलाय. मी करणार नाही. दरवर्षी नव्या मुलींना ती त्यातली भुकटीची नळी दाखवायची. परवा मीच त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. मराठीच्या बाई इथे कशाला, म्हणून मुली हसल्या. मी खिडक्या लावल्या आणि दिवा लावला. हसणं थांबलं. पुढची मुलगी नळीवर वाकली, तिचा सगळा चेहरा पिवळा झाला आणि तिने विचारलं, "बाई, हे कोणं केलं?"

मी तिला पूर्ण नाव सांगितलं, आणि नावाआधी डॉक्टर लावलं.