झटका आणि झटकणं

कारखान्याच्या बॉयलरचं धुराडं आमच्या गच्चीवरून दिसतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी चहा घेऊन तिकडेच तोंड करून बसतो. धूर पांढरा असला की एक घोट. जरा काळवंडला की चहा गार. धुरातली राख पकडणारं यंत्र मी चालवतो, त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही.

ते यंत्र आईला समजावताना मी शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनचा आधार घेतला होता. आतल्या तारांना जबर दाबाची वीज देतो. जवळून जाणाऱ्या राखेच्या कणांवर विजेचा भार बसतो आणि ते समोरच्या पत्र्यांना चिकटतात. मग हातोडे पत्रे ठोकतात, राख खाली पडते.

"म्हंजे पह्यले झटका देवाना, मंग झटकानं," आई म्हणाली. मी परीक्षेसाठी घोकलेलं अख्खं प्रकरण तिने एका वाक्यात गुंडाळलं. मला थोडा रागच आला.

त्या फेब्रुवारीत तिने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले, तळोद्याला माझ्या बहिणीच्या सासरी पाठवायला. गच्चीवर नको, मी म्हटलं.

"तू शे ना तठे, मंग कसानी राख पडस?"

नेमकी त्याच दिवशी हातोड्यांची मोटर बंद पडली आणि माझ्या लक्षात आलं नाही. पत्र्यांवर राखेचा थर चढत गेला, विजेचा प्रवाह घटत गेला. माझा हात मुळातच उतावीळ. मी दाब वाढवला, पुन्हा वाढवला. आत ठिणग्या उडायला लागल्या आणि यंत्रच बंद पडलं. ते परत चालू होईपर्यंत धुराडं काळं ओकत होतं, आणि वारा गावाकडे होता.

चार वाजता घरी आलो, तर शेजारच्या काकू गच्चीवर बिबड्यांवर वाकलेल्या. ज्वारीच्या ओल्या पिठात काळे ठिपके रुतून बसले होते.

"यास्नावर काय पडेल शे वं?"

"काही नही. औंदा काया तीय टाकेल शेतस," आई म्हणाली. माझ्या राखेचे तिने काळे तीळ करून टाकले.

काकूंना पटलं नसावं, पण त्या गेल्या. आईने बिबड्यांखालच्या चादरीचं टोक झटकायला उचललं, सोडून दिलं.

"झटकानं ऱ्हायी गयं का रे?" तिने हळू विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हणालो.

त्या बिबड्या तळोद्याला गेल्या नाहीत. वर्षभर आम्ही दोघांनीच तळून खाल्ल्या. दाताखाली कचकच आली की आई माझ्याकडे न बघता म्हणायची, "तीय शेतस."