दाराआडच्या पेन्सिलीच्या रेघा

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या बंगल्यात झोपाळा आपोआप हलतो... मला राग यायचा तो एवढ्याचाच, की मेलेल्यांना राहायला इतक्या ऐसपैस जागा मिळतात! मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भूत, भानामती, 'बाहेरचं' – असलं बोलणाऱ्या माणसाशी मी दुसऱ्यांदा बोलत नाही. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही.

माझा नवरा मिलिंद सरकारी खात्यात. दर काही वर्षांनी बदली. आधी उदगीर, मग लातूर, आता नांदेड. वीस वर्षांत सहा भाड्याची घरं, म्हणजे घरमालक या प्राण्यावर मी पीएच.डी. करू शकते. नळाला पाणी किती वाजता येतं हे तो सांगत नाही, आधी आडनाव विचारतो. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की खोली अचानक पुतण्याला दिलेली निघते. पुतण्याचं लग्नसुद्धा ठरलेलं नसतं, पण खोली दिलेली असते! जे देतात ते उपकार केल्यासारखे. लातूरच्या मालकानं तर क्लासच्या पोरांसाठी कॉट टाकायच्या म्हणून आम्हाला ऐन परीक्षेच्या दिवसांत काढलं. ज्या हॉलमध्ये आम्ही तिघं राहायचो तिथं प्लायवूड ठोकून बारा पोरं कोंबली आणि गेटवर पाटी लावली – 'शांत अभ्यासू वातावरण'.

प्रत्येक घरात आम्ही एक गुन्हा करायचो. मुलगी प्रज्ञा, आता आठवीत. तिच्या वाढदिवसाला तिला बेडरूमच्या दाराआड भिंतीला टेकून उभी करायची, डोक्याशी पेन्सिलीनं रेघ मारायची, बाजूला गाव आणि इयत्ता. घर सोडलं की मालक त्यावर रंग फिरवणार आणि डिपॉझिटमधून कापून घेणार, हे ठरलेलंच.

नांदेडला आल्यावर मिलिंद म्हणाला, "बस झालं. आता विकतचंच." विकतचं! विष्णुपुरीच्या रस्त्याला काल-परवापर्यंत ज्वारी होती, तिथं आता फ्लॅट आहेत. आणि भाव असे सांगतात, जणू खिडकीतून समुद्र दिसतो. तरी रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही तिघं एक फ्लॅट बघायला गेलो. दाखवणारे एजंट हबीबभाई, साठीतले, सरळ माणूस.

"मॅडम, एकदम कोरा माल हाय," ते जिन्यात म्हणाले. "सात वर्सं झाली, कुलूप हाय. मालक धर्माबादचे व्यापारी. असे चार-पाच हायत त्यांचे. नुस्ता पैसा गुंतवून ठिवलाय."

एकेका खोलीत पाच-पाच माणसं झोपतात या शहरात, आणि या शेठची धूळ तीन खोल्यांत पसरून राहते. मी तसं बोललेही. हबीबभाई हसले.

कुलपाला तेल सोडून सोडून दहा मिनिटांनी ते उघडलं. आत फरशीवर धुळीचा जाड थर. पायाचा एक ठसा नाही. बटणांवरचं प्लास्टिकसुद्धा कंपनीचंच. मी किचन ओटा बघत होते तेवढ्यात बेडरूममधून प्रज्ञाची हाक आली.

"मम्मी... हे तुझं अक्षर हाय."

ती दाराआड उभी होती. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. 'प्रज्ञा, लातूर, पहिली.' 'प्रज्ञा, लातूर, चौथी.' अशा ओळीनं वर. अक्षर माझंच. माझा 'ल' लहानपणापासून वेडावाकडा आहे, बाईंचा मार खाऊनही सुधारला नाही, तोच 'ल'. पाचवीच्या साली मी चुकून 'चौथी' लिहून वर खोडलं होतं. तीही खोड तिथं होती. लातूरच्या त्या भिंतीला मालकानं माझ्या डोळ्यांदेखत रंग दिला होता!

सगळ्यात वरची रेघ – 'प्रज्ञा, नांदेड, आठवी.' तिचा वाढदिवस अजून दहा दिवसांवर होता. ही रेघ आम्ही कुठंच मारली नव्हती. मी तिला भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली. वहीची कड बरोब्बर रेघेवर.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. हबीबभाईंनी केलं? कशाला? आणि त्यांना काय माहीत? मी वळून त्यांना काहीतरी टाकून बोलणार होते... तेवढ्यात दिसलं, मिलिंद माझ्याकडं बघतच नाहीये. तो बाजूला, हातभर अंतरावर दुसरी रांग बघत होता.

'अनिकेत, उदगीर, अडीच वर्षं.'

अनिकेत आमचा पहिला मुलगा. उदगीरच्या घरात ही एकच रेघ आम्ही त्याच्यासाठी मारली होती. पुढच्याच महिन्यात तो तापानं गेला. "घरात असं झालेलं बरं नसतं," म्हणून त्या मालकानं आम्हाला पंधरा दिवसांत काढलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा त्याचा माणूस आत चुना मारत होता. मी तेवढी रेघ सोडा म्हणाले. सोडली नाही.

इथं ती होती. आणि तिथं थांबली नव्हती. 'अनिकेत, उदगीर, बालवाडी.' 'अनिकेत, लातूर, पहिली.' पाचवी. आठवी. दहावी. सगळं माझ्या अक्षरात. शेवटची रेघ माझ्या डोक्याच्याही वर – 'अनिकेत, नांदेड, बारावी.' असता तर यंदा बारावीलाच असता.

हबीबभाईंनी टोपी काढून हातात घेतली. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

मग आला मालक. नांदेडात लग्नाला आला होता; हबीबभाईंनी फोन केल्यावर अर्ध्या तासात पोचला. पांढरा सदरा, अत्तराचा भपका. भिंत बघून म्हणाला, "लेकराला भिंती खराब करायला आणलं व्हय?"

"शेठ, कुलूप म्या उघडलं," हबीबभाई म्हणाले. "एवढं लिहायला येळ कुठं होता?"

"तू गप रे."

मिलिंद त्याला म्हणाला, "आम्ही घेतो फ्लॅट. सांगितला त्याच भावात. आत्ता टोकन देतो."

बास. माणसाला नड आहे हे कळल्यावर त्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी विसरणार नाही. "भाव आता तो न्हाई राहिला. दुसरी पार्टी हाय." आणि मग, अर्थातच, "आडनाव काय म्हणलात?" मिलिंदनं सांगितलं. "हां... मग सोसायटीला विचारावं लागंल." सोसायटी! चोवीस फ्लॅट, त्यातले निम्मे कुलूपबंद. विचारणार कुणाला, पारव्यांना?

मी आजवर एकाही घरमालकापुढं वाकले नाही. त्या दिवशी हात जोडले. "फ्लॅट नका देऊ. पण ही एवढी भिंत तशीच राहू द्या."

"भिंत काय भाड्यानं पाहिजे का तुमाला?" असं म्हणून तो मोठ्यानं हसला.

बुधवारी हबीबभाईंचा फोन आला. शेठनं पेंटर लावला होता. "मी लई सांगून पाहिलं मॅडम," एवढंच म्हणाले. त्या फ्लॅटला आजही कुलूप आहे, आणि भाव आणखी वाढलाय.

फिजिक्सच्या सरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, मनाचे खेळ. मनाचा खेळ कॅमेऱ्यात येतो का, विचारलं तर म्हणाले, मग कुणीतरी काढलं असेल. कुणी? नांदेडात आम्हाला मुलगा होता हेच कुणाला माहीत नाही. शेवटी म्हणाले, "तुम्हीच काढलं असेल मॅडम, अक्षर तर तुमचंच आहे." शास्त्राचा माणूस! पण त्यांना तरी काय नावं ठेवू? माझ्याकडं याहून बरं उत्तर नाही. फोटो आहे, आणि फोटोनं काहीच सिद्ध होत नाही. पेन्सिल कुणाच्याही हातात असू शकते.

परवा सकाळी ऑफिसला निघताना मिलिंद दारात उगाच थांबला. बुटाची लेस बांधून झाली होती तरी वाकलेलाच.

"मी त्या रेघेखाली उभा राहून बघितलं होतं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाला होता गं तो."